मिटलेली गिटार

१

लोकांच्या घरात भांडणं सासूवरून होतात, ओल्या टॉवेलवरून होतात. आमच्याकडे ती गिटारीच्या भोकांवरून झाली.

नवरा गिटारी बनवायचा, मी त्या रंगवायचे. खाली कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्याचे रंधे, करवती, शिकंजे आणि कायमचा भुसा. मागच्या खोलीत माझी स्प्रे गन, हवा ओढणारा पंखा आणि लॅकरचा वास. मधल्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच होती. सकाळी तो लाकूड ठोकून ऐकायचा, मी आदल्या दिवशीचा थर बोटानं चाचपायचे, आणि त्या काचेतून एकमेकांना दिसत दिसत आम्ही बोलायचो. बोलायचो म्हणजे बहुतेक मीच.

आमचं नाव होतं ते बेस गिटारींसाठी. चार जाड तारांच्या, खालच्या सुरांच्या, आणि त्याही अर्धपोकळ. अंगाच्या मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा, त्याच्या दोन्ही अंगांना रिकामे कप्पे. मी गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या संसारासारखी आहे. ना धड पोकळ, ना धड भरीव." गिऱ्हाईक हसायचं. हा नाही हसायचा.

अशा गिटारीच्या वरच्या फळीला दोन्ही बाजूंना एकेक लांबट, वळणदार भोक असतं. माझ्या मते तोच तिचा चेहरा. कमरेचा बाक, खांद्यांची शिंगं, कडेची पांढरी पट्टी, सगळं त्या दोन भोकांभोवती बसतं. भोकं काढली तर उरतो चहाचा ट्रे. त्याचं म्हणणं वेगळं होतं. भोकं ही व्हायोलिनवाल्यांकडून आणलेली उसनवारी आहे, तारांचा आवाज घेतात ते खालचे पिकअप, मग भोकं कशाला? दाखवायला? शिवाय अ‍ॅम्प मोठा केला की भोकांची गिटार घोंघावते.

त्यात त्याचं चूक नव्हतं, हे मला मान्य आहे. चूक होती ती त्याच्या सांगण्याच्या पद्धतीत.

"तोंडच नाही तिला," त्याचं नवं चित्र बघून मी म्हटलं.

"तोंड असलं की ओरडते," तो म्हणाला, आणि पेन्सिलीला टोक काढायला लागला.

२

खोटं कशाला बोलू, देखणी झाली.

रंग मीच दिला. मधोमध मधासारखा, कडेकडे जाताना करपलेल्या साखरेइतका गडद. मान आखूड, डोकं लहान, त्यामुळे पट्ट्यावर अडकवली की मान खाली पडायची नाही. कुठेही छेद नाही, फट नाही. लांबून बघितलं तर डोळे मिटून पडलेल्या माणसासारखी वाटायची. झोपलेल्या म्हणत नाही. मिटून पडलेल्या.

वरची फळी चिकटवायच्या आधी मी आत बघितलं होतं. कोरडं ठणठणीत लाकूड, त्याच्या पेन्सिलीच्या खुणा, कोपऱ्यात गोंदाचा एक ओघळ. कप्प्यांत भुसा राहिला होता तो मी वाकून फुंकून काढला. मग त्यानं फळी बसवली आणि शिकंजे आवळले.

पुढच्या खोलीत ती स्टँडवर उभी होती, अ‍ॅम्पला जोडलेली. मी तिथेच उभी राहून ताईशी फोनवर बोलत होते. काहीतरी फालतूच, पडद्यांच्या कापडाबद्दल. बोलता बोलता लक्षात आलं की अ‍ॅम्प गुणगुणतोय. मी थांबले, तो थांबला. मी बोलले, तो सुरू झाला.

यात नवल काही नाही. पातळ फळी असते, माणसाच्या आवाजानं थरथरते, ती थरथर तारांत उतरते, पिकअप ती उचलतात. या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

"बघ, मला साथ देतेय," मी नवऱ्याला म्हटलं.

तो उठून तिच्याजवळ गेला. त्याचा आवाज माझ्यापेक्षा जड. दोन-तीन वाक्यं बोलला, खाकरला, मग चक्क शीळ घातली. अ‍ॅम्प गप्प. त्यानं रेडिओ लावला. अ‍ॅम्प गप्पच.

"आता तू बोल."

"काय बोलू?" मी म्हटलं, आणि अ‍ॅम्प घुमला.

"तुझंच ऐकते," तो म्हणाला.

"चला. या घरात कुणीतरी ऐकतंय."

हे वाक्य मी जरा फणकाऱ्यानंच बोलले. बोलून झाल्यावरही ती गुणगुण थांबली नाही. माझ्या वाक्याचे चढउतार तसेच ठेवून ती हळूच परत गेली, एखाद्यानं घशातल्या घशात धडा पाठ करावा तशी. नवरा तोवर बाहेर गेला होता. मी अ‍ॅम्पची वायर काढली आणि स्वतःला सांगितलं, अ‍ॅम्प जुना झालाय.

३

आवाज एकदम गेला नाही. आधी वाक्यांची टोकं गेली.

"दूध संपलंय" म्हणायला जावं तर "दूध सं" एवढंच बाहेर यायचं. फोनवर ताई सारखी "काय? काय?" करायची. मी लॅकरला दोष दिला. आयुष्यभर तो वास छातीत घेतल्यावर घसा काय गाणं म्हणेल? मास्क बदलला, स्प्रेचं काम बंद ठेवलं. तरी वाक्यं आता मधूनच तुटायला लागली. आणि एका सकाळी मी नवऱ्याला चहासाठी हाक मारली तेव्हा तोंडातून नुसती हवा आली.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी आत घातली आणि पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा, हे तुमचे स्वरतंतू." दोन पांढुरक्या, ओल्या पट्ट्या. उघडत होत्या, मिटत होत्या.

"म्हणा, ई."

मी म्हटलं. पट्ट्या जवळ आल्या, थरथरल्या. खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "सगळं व्यवस्थित आहे. म्हणजे, आवाज यायला हवा." त्यांनी नळी काढली. "मनावर काही ताण वगैरे?"

"तिला बोलायची फार सवय आहे हो," शेजारी बसलेला नवरा म्हणाला. दोघंही हसले. मी नाक पुसत होते.

त्यानंतर तो इतका चांगला वागायला लागला की मलाच कसंतरी व्हायचं. गरम पाणी आणून द्यायचा. माझं ताट उचलायचा. संध्याकाळी खिडकीशी बसून म्हणायचा, "घर किती निवांत वाटतंय, नाही?" मला उत्तर देता यायचं नाही, आणि तो मान डोलवायचा, जणू मी हो म्हटलं. मोबाइलवर टाइप करून दाखवावं तर त्याचा चष्मा नेमका खाली कारखान्यात राहिलेला असायचा.

कडू घोट म्हणतात तो काय असतो हे तेव्हा कळलं. तो गिळायलाही आवाज लागत नाही.

४

ती गिटार बनली होती आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकासाठी. हॉटेलांतून, पार्ट्यांतून बेस वाजवणारा जाडजूड माणूस. बोलणंही इतकं खालच्या पट्टीतलं की सगळे त्याला खर्ज म्हणायचे.

खर्जानं आल्या आल्या ती दोन्ही हातांत धरून लांब नेली, जवळ आणली.

"रंग झकास, वहिनी. पट्टीही सुबक. पण भोकं नाहीत म्हणजे… कसं सांगू? लांबून छान दिसते. जवळून बघत बसावंसं वाटत नाही."

"ऐक तर आधी," नवरा म्हणाला.

मी मागच्या खोलीत, काचेच्या पलीकडे, दुसऱ्या एका गिटारीच्या मानेवर पॉलिश पेपर घासत होते. खर्जानं डोळे मिटले आणि वाजवायला लागला. आवाज खरोखर सुरेख होता. गोल, उबदार, कुठे घोंघावणं नाही. माझ्या मनात आलं, हाच बरोबर होता. आपण उगाच भांडलो.

खर्ज वाजवता वाजवता हसला. डोळे मिटलेलेच होते. "वाहवा, वहिनी! फक्त एक पट्टी खाली गा, माझा सूर हलतोय."

"तिचा आवाज गेलाय," नवरा म्हणाला.

"असं का!" खर्ज आणखी हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग त्यानं डोळे उघडून काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी घशावर हात ठेवला आणि मान हलवली.

त्याचा हात तारांवरून निघाला. तारा थांबल्या. पण तो ऐकतच राहिला, मान जराशी खाली करून, गिटारीच्या अंगाकडे. इतकं बारीक काही मला काचेतून ऐकू येत नव्हतं. त्याचा चेहरा तेवढा दिसत होता.

"मला नको ही," तो पुटपुटला. ते ओठांवरून कळलं. त्यानंतरचं, त्यानं मधलं दार उघडल्यावर, ऐकू आलं. "मला आपली भोकांवालीच बनवून द्या. केव्हाही द्या, घाई नाही." जाताना माझ्याजवळ थांबला. नुसताच बोटांची टोकं पँटला पुसत राहिला. पुसून झाली तरी पुसत होता.

एखाद्यानं गिटार नाकारली की माझा नवरा त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. त्या दिवशी वायर गुंडाळताना तो शीळ घालत होता.

५

दुपारी जेवून झोपायची त्याची सवय. ती मोडली. जेवला की तो खाली जायला लागला, आणि जाताना जिन्याचं दार लावून घ्यायचा.

मी भांडी विसळत होते तेव्हा खालून त्याचं हसणं ऐकू आलं. मोकळं, पोटातून आलेलं. लग्नाच्या आधी हसायचा तसं. फोनवर कुणी असेल म्हणून मी नळ सोडला. नळाच्या आवाजातून दुसरा आवाज आला, आणि मी नळ बंद केला.

तो माझा होता.

स्वतःचा आवाज ओळखायला वेळ लागतो म्हणतात. मला लागला नाही. आम्ही गिटारींचे व्हिडिओ करायचो. रंग, वजन, बनावट यांची माहिती मीच सांगायचे. तेच बघत असणार, असं मनात आलं. आणि काय सांगू, क्षणभर मला त्याची माया आली. इथे मी मुकी झालेली, आणि हा खाली एकटाच बसून माझे जुने व्हिडिओ ऐकतोय. म्हटलं, जावं, शेजारी बसावं.

मागच्या जिन्यानं मी रंगाच्या खोलीत उतरले. मधलं दार बंद होतं.

"अहो, किती दमता तुम्ही," माझा आवाज म्हणाला.

मी जागच्या जागी थांबले. आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो. जन्मात मी त्याला अहो म्हटलेलं नाही. अरे म्हटलंय, गाढवा म्हटलंय.

"तुमचंच बरोबर होतं," आवाज म्हणाला. लाडिक, मऊ, वाक्याचं टोकन् टोक शाबूत. "भोकं वाईटच दिसली असती. मला मेलीला कळतंय काय त्यातलं?"

"तसं नाही गं," नवरा म्हणाला. इतक्या हळुवार सुरात तो माझ्याशी कधी बोलला होता ते मला आठवेना.

मी काचेतून बघितलं. तो बुटक्या स्टुलावर बसला होता, गिटार मांडीवर, गाल तिच्या खांद्यावर टेकलेला. वायर न जोडता वाजवायचं असलं की बेसवाले तसा गाल टेकतात, लाकडातून आवाज ऐकू येतो म्हणून. त्यात काही विचित्र नाही. वायर भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळलेली होती. दोन्ही हात गिटारीच्या पाठीखाली होते, तारांवर एकही नाही.

आणि त्याचा गाल वर उचलला जात होता, खाली येत होता. सावकाश, बारीकसा. निजलेल्या माणसाच्या छातीवर डोकं ठेवल्यावर होतं तसा.

६

माझं डोकं ठिकाणावर होतं, हे मी ठासून सांगते. मी विचार केला. आत लहानसा स्पीकर बसवला असणार. हल्ली कुणाच्याही आवाजात काहीही बोलवून घेता येतं, माझे तर तासन् तास व्हिडिओ पडलेत. हा माणूस माझ्या आवाजाकडून आपली माफी मागवून घेतोय. नीचपणा आहे, पण समजण्यासारखा. असलाच तर हा नीचपणाच असू दे, असं मी मनोमन म्हणत होते. नवरा नीच असलेला चालतो. त्याची सवय होते.

सकाळी तो लाकूड आणायला बाहेर पडला. मी पुढच्या खोलीत ब्लँकेट पसरून गिटार टेबलावर उताणी ठेवली. भोक कुठे असायला हवं होतं ते मला चित्रातून पाठ होतं. तिथे ड्रिल टेकवलं.

वरून लॅकरचे तुकडे उडाले, मग पांढरा भुसा. मग भुसा उडेनासा झाला. पात्याला चिकटायला लागला. मी ड्रिल बाहेर काढलं तर पातं ओलं होतं.

भोकातून मनगटावर हवा आली. कोमट. पुन्हा आली. वास ओळखीचा होता. सकाळी उठल्यावर, चूळ भरायच्या आधी, तळहातावर श्वास सोडून बघावा तेव्हा येतो तो. माझा.

मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि वाकले.

लाकूड नव्हतं. म्हणजे असेलही, पण मला दिसलं नाही. ओलसर, तांबूस काहीतरी, त्यावर आडव्या वळ्या, आपण जीभ टाळूला लावल्यावर जिभेला लागतात तशा. प्रकाश आणखी आत गेला. तिथे दोन पांढुरक्या पट्ट्या होत्या. उघडल्या. मिटल्या. मग जवळ आल्या आणि थरथरल्या.

"अहो," माझ्या तोंडाखालून माझा आवाज म्हणाला, "बघा ना ही काय करतेय."

मी मागे सरकले ती कशाला तरी अडखळले. तो दारात उभा होता. हातात लाकूड नव्हतं. गेलाच नव्हता की परत आला होता, मला माहीत नाही. मला वाटलं, आता अंगावर धावून येईल. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. टेबलाशी गेला, भोकावर अलगद तळहात ठेवला. तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "काही होणार नाही तुला."

ते तो मला म्हणाला नव्हता.

७

मी नेसत्या कपड्यांनिशी ताईकडे गेले. बस पकडली, कंडक्टरला बोटानं स्टॉप दाखवला, खिडकीशी बसून राहिले. मागे कुणी आलं नाही.

ताईनं दार उघडलं आणि मला बघून तिला गलबलून आलं. "किती उतरलीस गं! कळवायचं तरी." मी घशाकडे बोट केलं. तिनं मला जवळ घेतलं, सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून शेजारी बसली. मी मोबाइलवर टाइप करायला लागले. कुठून सुरू करावं तेच कळेना. गिटारीच्या भोकांवरून भांडण झालं, एवढं लिहिलं आणि खोडलं. नवऱ्याचं डोकं फिरलंय, असं लिहिलं. तेही खोडलं. ताई वाट बघत होती. माझी ताई फार शहाणी, कधी घाई करत नाही.

तिचा फोन वाजला. "तुझ्या नवऱ्याचा," ती म्हणाली. "घेते. दोन शब्द सुनावतेच त्याला." मलाही ऐकू यावं म्हणून तिनं स्पीकर लावला.

"ठमे!" फोनमधून माझा आवाज आला.

ताईला ठमे म्हणणारी जगात मी एकटी. लहानपणी फ्रॉकमध्ये ती फार ठेंगणी दिसायची म्हणून.

"अगं, किती दिवसांनी आवाज फुटलाय, म्हटलं पहिला फोन तुलाच. गुडघा काय म्हणतोय तुझा? ते तेल लावतेस की नुसतं कपाटात ठेवलंयस?"

ताईनं फोनवरून नजर उचलली. ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवत होते, दोन्ही हातांनी नाही, नाही करत होते. तोंड उघडून सांगत होते. माझं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि त्यातून जे येत होतं ते तिच्या केसांची बट हलण्याइतकंही नव्हतं.

"कुठे आहेस तू?" ताईनं फोनला विचारलं.

"मी कुठे जाणार? घरीच." आवाज हसला, आणि ते हसणंसुद्धा माझंच होतं, वयात आल्यापासून बदललेलं नाही तसलं. "हे इथेच बसलेत. बरं, तू अशी का बोलतेयस? कुणी आलंय का तुझ्याकडे?"

माझ्या गुडघ्यावरचा हात हलका झाला. मग तो तिथे नव्हता. ताई सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकली होती आणि फोन तिनं छातीशी धरला होता, दोन्ही हातांनी, आतल्याला काही लागू नये अशा बेतानं.

"थांब हं, ठेवू नकोस," ती फोनला हळूच म्हणाली.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि लहानपणापासून माझ्याशी कधी बोलली नव्हती अशा अदबीनं विचारलं,

"तुम्ही कोण?"